मासा नाही, पण लिंबू तयार

मासेमारीचा रॉड दुकानातून आणला की तो जसा आहे तसाच वापरायचा, असं बहुतेकांना वाटतं. आपण मोबाईलची रिंगटोन बदलतो, बाईकचा सायलेन्सर बदलतो, पण रॉडला कुणी हात लावत नाही. खरं तर रॉडइतकी मोकळी वस्तू दुसरी नसेल. एक पोकळ दांडा, दोऱ्याने गुंडाळून बसवलेल्या रिंगा, रील बसवायची खाच आणि मूठ. संपलं! सगळं उघड्यावर, झाकून ठेवलेलं काहीच नाही. सोर्स कोड समोर पडलेला असावा तसं.

मला हे कळायला कारण झाले बाबा.

आमचं गाव मालवणजवळचं देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. बाबा आयुष्यभर खाडीवर गरवायला जायचे. आधी चिव्याच्या काठीने, मग मी पहिल्या पगारातून आणलेल्या सात फुटी फायबरग्लासच्या रॉडने. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं, बोलणं परत आलं, पण उजव्या हाताची पकड पूर्ण आली नाही. रॉड पडवीत आढ्याला अडकवला तो तसाच राहिला. विचारलं तर म्हणायचे, "आता पुरे झाला." आमच्याकडे माणसं तक्रार करत नाहीत, फक्त एकेक गोष्ट बंद करत जातात. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग एका शनिवारी पडवीत बसून रिक्वायरमेंट गोळा केल्या. क्लायंट अर्थातच सहकार्य करत नव्हता :-) त्यांच्या हातात आधी पेन दिलं, मग बॅटरी, मग पाण्याचा तांब्या. पेन निसटलं, बॅटरी कशीबशी राहिली, तांब्या व्यवस्थित धरला. म्हणजे बारीक वस्तूभोवती बोटं मिटत नव्हती, जाड वस्तूभोवती मिटत होती. फिजिओथेरपीवाल्या ताईंनीही हेच सांगितलं होतं: चमच्याची मूठ जाड करा.

पहिला निर्णय सोपा होता. काठी डाव्या हातात, गुंडाळणं उजव्याने. स्पिनिंग रीलचं हँडल बहुधा दोन्ही बाजूंना लागतं. स्क्रू सोडवा, दुसरीकडून घाला, एक मिनिटाचं काम.

पण मग सगळा रॉड एकट्या डाव्या हातावर येतो. रॉड शेंड्याकडे जड असतो, म्हणून मनगट दुखतं. यावर उपाय म्हणजे मागची मूठ लांब करायची, म्हणजे ती कोपराखाली टेकते आणि भार मनगटाऐवजी सगळ्या हातावर जातो. रीलच पुढे सरकवता आलं असतं, पण रील हलवलं की पहिली रिंगही हलवावी लागते, तिथला दोरा कापून पुन्हा गुंडाळा, वर इपॉक्सी लावा, ते सुकेपर्यंत रॉड फिरवत ठेवा नाहीतर ओघळ येतात... चालू सिस्टीमला जेवढा कमी धक्का तेवढं बरं! म्हणून बुडाचं रबरी टोपण काढलं आणि पोकळीत परसातल्या चिव्याचा तुकडा तासून अराल्डाइटने बसवला. आठ इंच बाहेर ठेवला. चोवीस तास हात लावायचा नाही, हा नियम पाळला. मागे वजन आल्याने रॉडचा तोलही रीलच्या जवळ आला. मुठीवर टेनिस रॅकेटची ग्रिप गुंडाळली.

(तुम्ही करणार असाल तर एक सांगतो. फायबर किंवा कार्बन घासताना नाकावर मास्क हवाच. आणि कार्बनच्या दांड्यातून वीज वाहते, तेव्हा विजेच्या तारांखाली तो उभा धरू नका.)

राहिला रीलचा नॉब. तो शेंगदाण्याएवढा. तांब्याएवढा करायचा कसा? उत्तर घरातच होतं. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळांची टोपली शोकेसमध्ये होती. त्यातल्या लिंबाला भोक पाडून ते नॉबवर चिकटवलं. नॉब स्वतःभोवती फिरतो, म्हणून लिंबूही फिरतं. बोटांची गरजच नाही, तळव्याने ढकललं तरी रील फिरतं.

बाबांनी ते बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाले, "मासो गावाक नाय आणि लिंबू तयार!"

झटक्यानंतर त्यांनी केलेली ही पहिली थट्टा. आई आतून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी भरतीला खाडीवर गेलो. डाव्या हाताने फेकणं त्यांना जमत नव्हतं, दहा-बारा वेळा गळ पायाशीच पडला. मी मदतीला पुढे झालो तर डोळ्यांनीच थांबवलं. तासाभराने जरा लांब गेला. मासा लागला नाही. पण परत येताना रॉड त्यांनीच उचलला, मला दिला नाही.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा माझी टेनिसची ग्रिप गायब होती. त्या जागी सायकलची जुनी ट्यूब कापून घट्ट गुंडाळलेली. विचारलं तर म्हणाले, "तुझी ओली झाली की सटाकता."

बरोबर आहे. आता तो रॉड अजून बदलत जाईल, आणि मला विचारून नाही.