बुडाशी चिकटवलेली चिठ्ठी

धरमपेठ, नागपूर

चिरंजीव भाच्यास,

नव्या बिऱ्हाडासाठी राउटर घ्यावयाचा असून त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त-स्रोत फर्मवेअर चढवावयाचे आहे, तरी कोणता घ्यावा, असे तू विचारतोस. कंपनीचे नाव सुचवण्याआधी एक सवय सांगतो. दुकानदाराने खोके पुढे केले म्हणजे त्यावरचे वेगाचे आकडे आणि अँटेनांची संख्या बाजूस ठेवून यंत्र उलटे करावे आणि बुडाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा आवृत्तीचा क्रमांक वाचावा. गेल्या महिन्यात बर्डीवर मी तेच केले. अक्षर इतके बारीक की दुकानातल्या मुलाने मोबाइलचा उजेड धरला तेव्हा कुठे 'व्ही ४' असे लागले, आणि मी खातरजमा करून गेलो होतो ती आवृत्ती दुसरी होती, सबब रिकाम्या हाताने परतलो.

या सावधगिरीस जुना दाखला आहे. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या पोटात लिनक्स असल्याचे जाणकारांनी हेरल्यावर जीपीएल परवान्याच्या शर्तीनुसार त्याचा स्रोत २००३ मध्ये खुला करणे भाग पडले, आणि त्याच बीजातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी अंकुरले. पुढे २००५ मध्ये पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा नाव तेच राहिले, परंतु फ्लॅश ४ मेगाबाइटवरून २ वर, रॅम १६ वरून ८ वर उतरली आणि लिनक्सचीही उचलबांगडी झाली. लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी जुनी घडण डब्ल्यूआरटी५४जीएल या वेगळ्या नावाने विकली गेली. नावावर विसंबून पैसे मोजणारा ग्राहक मात्र फसला, याचे मला आजही वाईट वाटते.

तू निदान १६ मेगाबाइट फ्लॅश आणि १२८ मेगाबाइट रॅम पाहून घे. याहून कमी असलेले यंत्र आज चालले तरी पुढील अद्ययावत आवृत्त्यांना पुरणार नाही. चिपेच्या बाबतीत माझा कल मीडियाटेककडे आहे, कारण तिच्या वायफायचे ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ शाखेतच नांदतात; ब्रॉडकॉमच्या पुष्कळ चिपांबाबत तसे म्हणता येत नाही.

परंतु माझ्या मते विश्वासार्हतेची खरी कसोटी यंत्र मेल्यावर लागते. मागच्या मे महिन्यात, ऐन दुपारी, मी फर्मवेअर चढवीत असताना वीज गेली. परत आली तेव्हा राउटरचा एकच दिवा लुकलुकत होता. संगणकास १९२.१६८.०.६६ हा पत्ता दिला, फाइलीस अपेक्षित नाव दिले, रीसेटचे बटण दाबून धरून यंत्र चालू केले आणि टीएफटीपीच्या वाटेने फाइल आत गेली, तेव्हा जीव भांड्यात पडला. अशी वाट ज्या यंत्रास नाही ते कितीही स्वस्त मिळो, घेऊ नकोस. २०२४ मध्ये निघालेल्या ओपनडब्ल्यूआरटी वन या राउटरमध्ये ही तजवीज घडणीतच आहे: मुख्य फ्लॅशखेरीज पुनरुज्जीवनासाठी १६ मेगाबाइटची वेगळी फ्लॅश, आणि निवड करण्यास बाहेर एक खटका. माझी पहिली पसंती त्यालाच.

आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून यंत्र कपाटात कोंडू नकोस आणि कूलरच्या ओल्या झोतातही ठेवू नकोस. जोडीला लहानसा यूपीएस घे. दुकानात गेलास की चिठ्ठीचे छायाचित्र मला पाठव. मी उत्तर देईपर्यंत पैसे देऊ नकोस.

तुझा
मामा