ताळेबंद वेळेवर का हवा?

जेऊरच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब मी लिहिते. खत-बियाण्याचं दुकान आणि हंगामात उडीद-तुरीची खरेदी, एवढा आमचा व्यवहार. मी रुजू झाले तेव्हा खरेदीच्या पावत्या, काटापट्ट्या, पासबुकं सगळं जागच्या जागी होतं. फक्त दोन वर्षांचे ताळेबंद कंपनी निबंधकांकडे दाखल झाले नव्हते. कंपनी उभी करून देणारी संस्था अनुदानाची मुदत संपताच निघून गेली होती. हे काम पुढे कुणी करायचं, हे संचालकांना कुणी सांगितलंच नव्हतं.

संचालकांच्या बैठकीत मी विषय काढला. "ताई, आपली काय टाटाची कंपनी हाय का?" तात्या या ज्येष्ठ संचालकांनी विचारलं. उभं आयुष्य विकास सोसायटीत गेलेला माणूस. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. पण २००३ पासून शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येऊ लागली, ती कंपनी कायद्याखालीच. त्यामुळे वेळापत्रकातून सुटका नाही. ३१ मार्चला वर्ष संपतं. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा. सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंदाचा एओसी-४ फॉर्म आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र.

मग मी विलंब शुल्काचं गणित मांडलं. पूर्वी कितीही उशीर झाला तरी जास्तीत जास्त मूळ फीच्या बारापट भरावे लागत. आमच्यासारख्या छोट्या भांडवलाच्या कंपनीची फी ३०० रुपये, म्हणजे ३,६०० वर विषय संपायचा. जुलै २०१८ पासून दर फॉर्मला दिवसाला १०० रुपये आणि त्याला कमाल मर्यादाच नाही. दोन फॉर्म वर्षभर रखडले की ७३,००० रुपये. आकडा ऐकून बैठक गप्प झाली.

"जेलबिल हाय का काय?" तात्यांनी हळूच विचारलं. २०१३ च्या कायद्यात जबाबदार संचालकाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. नोव्हेंबर २०१८ च्या अध्यादेशाने ती काढली आणि कोर्टाऐवजी निबंधक पातळीवर आर्थिक दंड आणला. २०२० च्या दुरुस्तीने तो १० हजार आणि पुढे दिवसाला १०० रुपये असा कमी केला. उत्पादक कंपन्यांना त्याच्याही निम्माच. शिवाय नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत कागद दाखल केले तर हा दंड लागत नाही. विलंब शुल्क मात्र भरावंच लागतं.

खरी धास्ती तिसऱ्या वर्षाची होती. सलग तीन वर्षं हिशेब दाखल झाले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, दुसऱ्या कंपनीतही त्याची नेमणूक होत नाही. २०१७ मध्ये देशभरात तीन लाखांवर संचालक असे अपात्र ठरले. दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं नोंदवहीतून गेली आणि त्यांची बँक खाती गोठवायला सांगण्यात आलं. आमचं खातं गोठलं असतं तर उडीद घालून गेलेल्या शेतकऱ्याची पट्टी अडकली असती.

आकुर्डीच्या निबंधक कार्यालयातून नोटीस येण्याआधी आम्ही लेखापरीक्षण करून घेतलं, सभा घेतली आणि दोन्ही वर्षांचे कागद भरले. विलंब शुल्क खतविक्रीच्या नफ्यातून गेलं. तो पैसा सभासदांचा होता, याची मला आजही हळहळ वाटते.

कायदा कडक असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हजार रुपयांचा शेअर घेतलेल्या शेतकऱ्याला आपल्या पैशाचं काय झालं हे ताळेबंदावरूनच कळतं. तो दडला तर कंपनी चार जणांची होते. पण दंडात निम्मी सवलत देणाऱ्या सरकारने विलंब शुल्कात मात्र उत्पादक कंपनीला मोठ्या उद्योगाच्याच रांगेत उभं केलं आहे. तीन लाखांच्या भांडवलाला आणि तीनशे कोटींच्या भांडवलाला दिवसाचे १०० रुपये सारखेच, हा न्याय नव्हे. ही सवलत शुल्कातही मिळाली पाहिजे.

तोवर प्रत्येक उत्पादक कंपनीच्या सभासदांना माझी विनंती आहे: सप्टेंबरच्या सभेला जा, चहा घेऊन परतू नका. ताळेबंद मागा, आणि मागच्या वर्षीचा दाखल केल्याची पावतीही मागा.