एका वेळी एकच बदल

आपल्या शाळेची स्मरणिका निघत असून तीत माजी विद्यार्थ्यांनी आपले अनुभव लिहावेत, असा निरोप आला, तेव्हा आम्ही बराच काळ संकोचात होतो. आमच्या हातून मोठे असे काही घडलेले नाही. पदे नाहीत, पुरस्कार नाहीत. सांगण्याजोगी आहे ती एका संगणकाची गोष्ट. तीही चालणाऱ्या नव्हे, बंद पडणाऱ्या संगणकाची. वसतिगृहात ओळीने अंथरुणे टाकणारे आम्ही तिघे. हे लेखन त्यांपैकी आम्हा दोघांचे आहे. तिसऱ्याने ते वाचले, दोन आकडे दुरुस्त केले आणि छापण्यास संमती दिली. ती संमती का घ्यावी लागली, हे पुढे येईलच.

२००९ साली आम्ही पुण्यात एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. आम्ही दोघे पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि तिसरा एका छापखान्यात अक्षरजुळणीचे काम शिकत होता. मराठी टंकलेखनाची कामे घरी आणता आली, तर खोलीचे भाडे निघेल, असा हिशेब त्यानेच मांडला. तयार संगणक आमच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून सुटे भाग आणून स्वतःच जोडायचे ठरले. शिष्यवृत्तीतून उरलेले, गावाहून आलेले आणि उसने घेतलेले असे मिळून अकरा हजार रुपये जमले. त्यांत एकाच्या आईने सोयाबीन काढणीच्या मजुरीतून बाजूला ठेवलेले दीड हजार होते.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास आम्ही चार शनिवार पायपीट केली. मदरबोर्ड आणि प्रोसेसर नवे घेतले. हार्डडिस्क १६० जीबीची. मॉनिटर जुना, पाठीमागे फुगलेला आणि दोघांनी मिळून उचलावा असा. रॅमच्या एकेक जीबीच्या दोन जुन्या पट्ट्या तिसऱ्याने ओळखीच्या माणसाकडून, पावतीशिवाय आणल्या. कॅबिनेटचा सौदा आम्ही दोघांनी केला. त्याबरोबर वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो जवळजवळ फुकटच पदरात पाडून घेतला. डब्यावर ‘४५० वॅट’ असे छापलेले होते. या घासाघिशीचा आम्हाला कोण अभिमान वाटला!

तीन आठवडे संगणक उत्तम चालला. एका संशोधकाच्या १८० पानी प्रबंधाचे काम मिळाले, हजार रुपये आगाऊ मिळाले आणि तेही लगेच भाड्यात गेले. मग एके दुपारी पडदा काळा झाला आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले. सायंकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तर प्रकरणाची फाइलच उघडेना. दिवसभराचे काम वाया गेले. दुरुस्तीच्या एका दुकानात नेले, तर तेथील गृहस्थांनी कॅबिनेटचे झाकणही न काढता ‘मदरबोर्ड गेला’ असा निर्णय दिला. नवा बोर्ड तेवीसशेचा. आमच्याजवळ तीनशेही नव्हते.

त्या रात्री आम्ही दोघांनी जे केले, त्याची आजही लाज वाटते. सर्व भागांत जुनी आणि विनापावतीची अशी रॅमच होती. तेव्हा दोष तिचाच, हे आम्ही मनाशी ठरवून टाकले. बोलता बोलता गोष्ट रॅमवरून ती आणणाऱ्यावर गेली. सातशेला घेतली, असे तू सांगतोस. खरोखर कितीला घेतलीस, असे आम्ही त्याला विचारले. ज्याच्या ताटातली भाकरी आम्ही सात वर्षे वाटून खाल्ली, त्याला हा प्रश्न विचारला. तो काही बोलला नाही. सतरंजी उचलून गॅलरीत जाऊन झोपला.

सकाळी उठून पाहतो, तर त्याने जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून संगणक उघडून ठेवला होता. शेजारी दोनशे पानी वही. तिच्या पहिल्या पानावर चार रकाने आखलेले: वेळ, त्या वेळी काय चालू होते, काय बदलले, काय झाले. आम्ही ते रकाने लगेच ओळखले. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत विज्ञानाच्या सरांनी साध्या लंबकाचा प्रयोग शिकवला, तेव्हा असेच रकाने आखून घेतले होते. दोऱ्याची लांबी बदलायची, तर गोळा तोच ठेवा. गोळा बदलायचा, तर लांबी तीच ठेवा. दोन्ही एकदम बदललेत, तर फरक कशाने पडला हे तुम्हाला कधीच कळणार नाही, असे सर सांगत. आम्हाला ते परीक्षेपुरते आठवले होते. त्याला आयुष्यभरासाठी आठवले होते.

पहिल्या दिवशी त्याने रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून संगणक चालू केला. मदरबोर्डावरचा चिमुकला भोंगा ओरडू लागला. भोंगा ओरडतो, याचा अर्थ बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत आणि रॅम नसल्याची तक्रार करीत आहेत. दुकानदाराचा निर्णय तेथेच डळमळला.

दुसऱ्या दिवशी रॅमची पाळी. पट्टीच्या सोनेरी दातांवरचा मळ पेन्सिलीच्या खोडरबराने काढला. एका वेळी एकच पट्टी, आळीपाळीने दोन्ही खाचांत बसवून पाहिली. मग रॅम तपासणारी आज्ञावली सीडीवरून सुरू करून रात्रभर चालू ठेवली. सकाळी पडद्यावर चुकांच्या जागी शून्य होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले; त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही.

तिसऱ्या दिवशी प्रोसेसरचे तापमान पाहिले. ते ८० अंशांच्या वर. पंखा बसवणाऱ्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एक नीट अडकलीच नव्हती. जुना लेप पुसून नवा थर्मल पेस्ट लावला, खुंटी टक्‌ असा आवाज येईपर्यंत दाबली. तापमान ५० वर आले. दोष सापडला म्हणून आम्ही चहा केला. सायंकाळी यंत्र पुन्हा बंद पडले. एक दोष सापडला म्हणजे हवा होता तो दोष सापडला, असे नसते, हे त्या चहाने शिकवले.

उत्तर अखेर वहीतच होते. तोवर १४ नोंदी झाल्या होत्या. त्यांतील ११ वेळा, ‘काय चालू होते’ या रकान्यात एकच गोष्ट लिहिलेली होती: सीडी फिरत होती. प्रबंध सुरक्षित राहावा म्हणून आम्ही त्याची प्रत सीडीवर उतरवीत होतो आणि नेमके त्याच वेळी विजेची मागणी वाढत होती. दीडशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. मोकळ्या चार छिद्रांच्या जोडणीत पिवळी आणि काळी तार धरून दाब मोजला. संगणक निवांत असताना १२.१ व्होल्ट. सीडी फिरू लागताच काटा १२ खाली, ११ खाली गेला. बारा व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ एवढीच सूट असते. छापखान्यातून एका दिवसापुरता चांगला एसएमपीएस उसना आणून जोडला. बाकी काहीही बदलले नाही. त्याच भाराखाली दाब ११.९ राहिला आणि यंत्र मध्यरात्रीपर्यंत एकदाही बंद पडले नाही.

म्हणजे दोष त्याने आणलेल्या रॅमचा नव्हता. आम्ही अभिमानाने फुकटात मिळवलेल्या डब्याचा होता. ४५० ही संख्या केवळ छापलेली होती.

छापखान्याच्या मालकांकडून उचल घेऊन अकराशे रुपयांचा नवा एसएमपीएस आणला. प्रबंध दोन दिवस उशिरा, पण पूर्ण गेला. क्षमा मागायला आम्ही शब्द शोधत होतो. तो म्हणाला, “मला सांगू नका. वहीत लिहा.” शेवटच्या ओळीत आम्ही लिहिले: ‘दोष एसएमपीएसचा. रॅम निर्दोष. आणणाराही.’ खाली दोघांनी सह्या केल्या. ती वही आजही त्याच्याकडे आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे शाळेत आलो होतो. संगणक कक्षाच्या कोपऱ्यात देणगीदाखल आलेले सहा जुने संगणक झाकून ठेवलेले होते. प्रत्येकावर चिठ्ठी होती, ‘नादुरुस्त’. नववीतली एक मुलगी बराच वेळ ती चिठ्ठी पाहत होती. मग तिने विचारले, “दादा, नादुरुस्त म्हणजे यातले नेमके काय नादुरुस्त?”

आम्हाला पुण्यात चार दिवस लागले, तो प्रश्न तिला पहिल्याच मिनिटाला सुचला. दोन दिवस मुलामुलींबरोबर बसलो. रकाने तेच. दोन यंत्रे केवळ रॅमचे दात पुसल्याने सुरू झाली. एकाचे घड्याळ सारखे मागे जाई आणि ते सुरू होताना अडून बसे; त्यातला नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपला होता. एकाच्या हार्डडिस्कची केबल सैल होती. उरलेल्या दोहोंपैकी एकाच्या बोर्डावरील कपॅसिटर फुगले होते, तर दुसऱ्याची हार्डडिस्क टकटक वाजत होती. ती दोन्ही सुटी करून त्यांचे चांगले भाग डब्यांत नावे घालून ठेवले. सहांतले चार चालू झाले. खर्च तीनशेच्या आत. एक गोष्ट मात्र मुलांना बजावून सांगितली: एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

जुने संगणक शाळेला देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. यंत्रासोबत एक कागद पाठवा. त्यावर ‘बिघडला आहे’ असे लिहू नका. तो कधी बंद पडतो, त्या वेळी काय चालू असते, कोणता आवाज येतो, एवढे लिहा. बाकीचे काम आपली मुले करतील. त्यांच्या वहीत रकाने आखलेले आहेत.