वाघाच्या मावशीचा जमाखर्च

कुत्रं विकत घ्यावं लागतं आणि मांजर फुकट मिळतं, असा एक समज आहे. ज्यांच्या घरी मांजर नाही, तेच लोक तो पसरवतात. मांजर फुकट येते हे खरं; पण पाहुणाही फुकटच येतो. खर्च तो राहिल्यावर सुरू होतो.

आमच्या महालातल्या जुन्या घरात मनी आली ती उंदरांच्या बंदोबस्तासाठी. निदान आम्ही एकमेकांना तसं सांगितलं. पहिल्या आठवड्यात तिनं सोफ्याच्या पाठीवर नखांना धार लावून घेतली, दुसऱ्या आठवड्यात कूलरची खस उपसली. आता नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर माणसालाही लागतो. पण मांजराला म्हणे घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, बाकीचं अंग बिचारीला चाटून ओलं करावं लागतं. ही तिची शास्त्रीय अडचण समजल्यावर कूलरसमोरची जागा मी तिला दिली. पारा ४५ वर असताना ती गार वाऱ्यात आडवी पसरते आणि मी दाराशी बसून वर्तमानपत्रानं वारा घेतो. उंदरांनी मात्र घर सोडलेलं नाही. एवढ्या उन्हात त्यांनी तरी जावं कुठं?

पण हा झाला किरकोळ खर्च. खरा प्रश्न निघाला स्वयंपाकघरातून. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सावजी मटणासाठी गाजलेल्या या गावात आईनं हा नेम ६० वर्षं सांभाळला आहे. मनी घरातली, म्हणून तिलाही दूधभात! मनी तो खायची, पण उपकार केल्यासारखा. आणि वर पोट बिघडायचं. दिवाळीत आईनं तिच्यापुढे कौतुकानं संत्रा बर्फी ठेवली. मनीनं वास घेतला, फरशीवर पंजानं माती लोटल्यासारखं केलं आणि शेपूट वर करून निघून गेली. नागपूरचा एवढा अपमान आजवर पुणेकरांनीही केला नव्हता.

अंगावरचं तेज जायला लागलं तेव्हा तिला सेमिनरी हिल्सला, १९५८ साली सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं ठरलं. बडकस चौकात ऑटो केला. पिशवीतून आवाज आला तसा ऑटोवाला दचकून मागे वळला.

“भाऊ, मांजर आडवी गेली त पाच मिनिटं थांबा लागते. हे त आतच बसून राहिली! आता किती वेळ थांबू?”

जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं कबूल केल्यावर अपशकुनाचा परिहार झाला.

केसपेपरवर नाव लिहिलं ‘मनी’, आणि पुढे आमचं आडनाव. सौ.चं नाव रेशनकार्डावर चढायला आठ महिने लागले होते. मनी एका मिनिटात घरची झाली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मांजर हा मुळातलाच मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिच्या शरीराला पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातून मिळावं लागतं. ते तुटलं तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली कळलं. हृदयही दुबळं होतं, हे १९८७ साली. मोठेपणी पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही. आणि गोडाची तर त्यांना चवच नाही! जिभेला गोड ओळखू देणारं जनुकच मांजरांत निकामी असतं, हे २००५ साली उघडकीला आलं. वाघाचंही तेच. संत्रा बर्फी निर्दोष सुटली.

घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. सौ. स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी.

“डोळे जातात?” आईनं विचारलं. तिच्या स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

“पुढेमागे जाऊ शकतात.”

आई बराच वेळ जपमाळ ओढत राहिली. मग म्हणाली, “पथ्य काय सांगितलं?”

“मीठ नको, मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, मांजराला ते विषच.”

आईचा चेहरा उजळला. “कांदा-लसूण नाही ना? मग चातुर्मासातलंच झालं की रे! आणि ताडोब्याच्या वाघाला कुणी वरणभात घालतं का?”

तह झाला. घरात मांस शिजणार नाही. पुडक्यातले तयार दाणे येतील. वाटी वेगळी, चमचा वेगळा, जागा मागच्या ओसरीवर. त्या एक किलोच्या पैशांत तुरीची डाळ दोन-तीन किलो येते, हे सौ.नं एकदा सांगून पाहिलं. आईनं तो खर्च ‘दानधर्म’ या सदरात घालायला लावला.

हल्ली पहाटे आंघोळीच्या आधी आईच ते दाणे घालते. आंघोळीच्या आधी घातले म्हणजे विटाळ नाही, हे शास्त्र तिचं स्वतःचं. परवा वाणसामानाची यादी घेऊन मी दुकानाकडे निघालो. आईच्या थरथरत्या अक्षरात पहिली ओळ होती: ‘मनीचं, मोठं पुडकं.’ तुरीची डाळ त्याच्या खाली होती, आणि तीही अर्धाच किलो.