कोथरूडचं गाव आणि आमची पीजे

पुण्यात कोथरूडला एक गाव आहे. त्याला वेस नाही, मारुती नाही, पारही नाही. पण रेल्वे इतकी की, गावासाठी रेल्वे आणली की रेल्वेसाठी गाव वसवलं, असा प्रश्न पडावा. उत्तर सोपं आहे. गाव वसवणारे बी. एस. जोशी, म्हणजे भाऊ जोशी, हाडाचे रेल्वेवेडे. गाड्यांची मॉडेल्स आली की रूळ आले, रूळ आले की डोंगर, बोगदे, पूल आणि घरं आलीच. १ एप्रिल १९९८ रोजी हे सगळं लोकांसाठी खुलं झालं. कागदोपत्री हे छोट्या रेल्वेचं संग्रहालय. पण संग्रहालयातल्या वस्तू काचेमागे गप्प बसतात. हे गाव गप्प बसणाऱ्यातलं नाही.

स्वभावानं ते वक्तशीर आणि बऱ्यापैकी मिरवणारं. पाहुणे आल्याशिवाय हलायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. लोक बसले, निवेदन सुरू झालं, की मात्र त्याला सगळं एकदमच दाखवायचं असतं. वाफेचं इंजिन वळणाआड जातं न जातं तोच पलीकडून आजच्या जमान्यातली वेगवान गाडी सुसाटत येते. डोंगरावर एक डबा दोराच्या ओढीनं तिरका चढतो. खाली सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून सिनेमा बघायची जागा, उड्डाणपूल. मुलं सर्कशीकडे बघतात. आमच्या भुसावळकडचा माणूस असला तर तो गाडीकडे कमी आणि सांध्याकडे जास्त बघतो. सांधा फिरला, सिग्नल पडला, गाडी बरोबर आपल्या रुळावर गेली, की तो मान हलवतो. घरात एक तरी माणूस रेल्वेत असण्याचा हा परिणाम.

मग दिवे मंदावतात आणि गावात रात्र होते. खिडक्या उजळतात, रस्त्यावरचे दिवे लागतात, अंधारातून गाडीचे डबे प्रकाशाचे चौकोन ओढत जातात. हा या गावाचा हातखंडा प्रयोग. मोठी माणसंही इथे पुढे सरकून बसतात, आणि मला वाटतं, तिकिटाचे पैसे एवढ्यातच वसूल होतात.

गावाचं माप १:८७. युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींचं हे आवडतं माप. पावणेसहा फुटी गडी इथे दोन सेंटिमीटरचा होतो. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, कारण तिकडची प्रमाण रेल्वे १४३५ मिलिमीटरची. आपली ब्रॉडगेज १६७६ची. ती याच मापात बसवायची तर सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतील. म्हणजे भुसावळवरून जाणारी गाडी या गावात आणली तर रुळावर बसणारच नाही. गावाचा तोंडवळाही तिकडचाच आहे: उतरत्या छपरांची घरं, हिरवीगार टेकाडं, आखून ठेवलेले रस्ते. धाब्याचं घर नाही, कपाशीची गाडी नाही, निंभोरा-सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे निघालेली वाघीण नाही. यात गावाचा दोष नाही. ज्यानं जन्माला घातलं त्याच्या हौसेचा चेहरा ते घेणारच.

पण एक गोष्ट मात्र खटकली. इथे कुणी गाडीची वाट बघत नाही. फलाटावर माणसं आहेत, पण गाडी येण्याआधीही तशीच उभी आणि गेल्यावरही तशीच. कुणाची गाडी चुकत नाही, कुणी उशिरा धावत येत नाही. आमच्याकडे रेल्वे म्हणजे निम्मी वाट बघणं. फलाटावर बोचकं टेकवून, अनोळखी माणसाला ‘गाडी उनी का भो?’ असं विचारून सुरू झालेल्या गप्पा कितीतरी वेळा सोयरीक जमवण्यापर्यंत गेलेल्या आहेत.

हे मनात आलं आणि आमच्या जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर गाडी आठवली. तिला सगळे ‘पीजे’ म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास सुरू झालेली ही नॅरोगेज, रुळांमध्ये अंतर अडीच फूट. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत छप्पन किलोमीटर जायची. तिचा स्वभाव कोथरूडच्या गावाच्या नेमका उलटा: मिरवणं नाही, घाई तर नाहीच. बाजाराचे टोपले, दुधाचे कॅन, शाळा-कॉलेजची पोरं, कोर्टाच्या तारखेला निघालेले म्हातारे, सगळ्यांना पोटात घेऊन ती शेतातून चालायची. पहूर तर अजिंठ्याच्या वाटेवरचं गाव; पण लेणी बघणारे मोटारीनं जात, पीजेत मुलखातलीच माणसं असत. २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता तिथे ब्रॉडगेज व्हायची आहे, पुढे बोदवडपर्यंत नेण्याची योजना आहे. ती व्हायलाच हवी. नॅरोगेजवर हळहळणाऱ्यांपैकी किती जणांना रोज जामनेरहून जळगावला नोकरीला जायचं असतं, हे त्यांनी आधी सांगावं.

पण पीजे जपायची असेल तर ती कोथरूडच्या मापात जपता येईल, हे त्या अंधाऱ्या खोलीत बसून मी हिशेबानं काढलं. १:८७ला तिचे रूळ पावणेनऊ मिलिमीटरच्या अंतरानं बसतील, पेन्सिलीहून जरा जास्त. सबंध मार्ग जसाच्या तसा घ्यायचा तर साडेसहाशे मीटर जागा लागेल. तेवढी कोण देणार? स्टेशनं तेवढी घ्या आणि मधली शिवारं आखडा. शेंदुर्णी करा, पहूर करा, केळीची बाग करा, फलाटावर बोचकं घेऊन बसलेली बाई करा. आणि गाडी उशिरा सोडा, म्हणजे बघणाऱ्यालाही थोडं थांबावं लागेल.

ज्या जळगावात २०१२ साली गांधीतीर्थासारखं संग्रहालय उभं राहिलं, त्या जिल्ह्याला हे जड नाही. सुतार आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर आणि गार्ड भुसावळच्या गल्लोगल्ली आहेत, आणि इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पोरांना प्रोजेक्ट हवाच असतो. ब्रॉडगेजचं काम पुरं होईपर्यंत जुनी स्टेशनं थांबणार नाहीत. तेव्हा पाचोरा-जामनेर पट्ट्यातल्या कुणाकडे पीजेचे फोटो, तिकिटं, वेळापत्रकं असतील तर ती रद्दीत घालू नका, आणि टेप घेऊन शेंदुर्णीचा फलाट आधी मोजून ठेवा.