पिसाच्या टोकावरचा सूर

जुना म्युझिक बॉक्स दुरुस्तीला आला की जाणता कारागीर त्याला चावी देत नाही. ‘जरा वाजवून तर बघा,’ असं मालक हमखास म्हणतो. कारागीर झाकण उघडतो, भिंग डोळ्याला लावतो आणि आधी स्प्रिंगमध्ये ताण उरलाय का ते पाहतो. उरला असेल तर तो उतरवल्याशिवाय एकाही स्क्रूला हात लावत नाही. ही भीती उगाच नाही. स्प्रिंगची सगळी ताकद एका चिमुकल्या पंख्याने रोखून धरलेली असते. त्याची पाती हवा कापत गरगरतात आणि हवेच्या विरोधामुळेच स्प्रिंग सावकाश सुटते. हा पंखा निसटला तर पितळी नळकांडं भन्नाट वेगाने फिरतं, पिना वाकतात, पोलादी दाते कडाकडा मोडतात. या धंद्यात त्या अपघाताला ‘रन’ म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षं जपलेली पेटी काही सेकंदांत मुकी होते.

या पेटीचा उगम घड्याळजींच्या टेबलावरचा. पूर्वी वाजणाऱ्या घड्याळात इवल्या घंटा आणि हातोड्या बसवत, त्यात बरीच जागा जाई. जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीने 1796 मध्ये घंटा आणि हातोड्या दोन्ही काढून टाकल्या आणि पोलादाचे पातळ दाते छेडून सूर काढले. पुढे या कामाचं माहेरघर झालं ते स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातलं सँत-क्र्वा. हजार मीटरहून उंचावरचं गाव. हिवाळ्यात बर्फ पडलं की शेती बंद. मग घराघरांत नळकांडी येत. त्यांत दाते छेडणाऱ्या पिना बसवण्याचं काम मुख्यतः बायका करत. मोठ्या पेटीच्या नळकांड्यात अशा हजारो पिना असतात आणि प्रत्येकीसाठी एकेक भोक. भोक केसभर सरकलं तर सूर वेळेआधी तरी येणार, नाहीतर मागून.

पिना बसल्या की नळकांड्याच्या पोटात वितळलेली राळ ओतून ते फिरवतात. ती आतल्या बाजूने पसरून घट्ट होते आणि पिनांची मुळं धरून ठेवते. एकाच नळकांड्यावर सहा-सहा धुना मावतात, त्याची युक्तीही साधी आहे. एक धून संपली की नळकांडं किंचित बाजूला सरकतं आणि त्या धुनेच्या पिना दातांच्या मधल्या फटीत जाऊन गप्प बसतात. दात्यांची फणी सुरात लावायची ती कानशीने. दाताचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. खर्जाच्या दातांना खालून शिशाचे तुकडे जोडतात. शिसं जितकं जड, तितका सूर खोल.

पण हातांची खरी परीक्षा दाताच्या खाली असते. एकच सूर लागोपाठ दोनदा यायचा असेल, तर पहिल्या वेळी थरथरणारा दात अजून थांबलेला नसतो, तोच दुसरी पिन त्याला येऊन टेकते आणि कर्र असा आवाज होतो. तो टाळायला दाताच्या टोकाखाली केसासारखी बारीक पोलादी तार वाकवून बसवतात. पिन येते, ती आधी तारेला रेटते, तार दाताला टेकून त्याची थरथर थांबवते आणि मग पिन दात उचलते. अगदी वरच्या सुरांचे दाते इतके नाजूक की त्यांना तारही जड होते. तिथे पिसाचा तुकडा चिकटवतात. कारागीर चिमट्याने तार रेसभर वाकवतो, नळकांडं बोटाने पुढे सरकवतो, कान लावतो, पुन्हा वाकवतो. फणीत सत्तरेक दाते असले की दिवस त्यातच जातो. या पेटीतली अर्धी मेहनत आवाज काढण्याची नाही, नको तो आवाज मिटवण्याची आहे.

मिरजेचा तंबोरा करणारा कारागीर याच्या नेमका उलट वागतो. तो घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो ते झंकार जागा व्हावा म्हणून. जवारी लागली की तंबोरा बोलतो. म्युझिक बॉक्समध्ये तसाच झंकार ऐकू आला तर पीस झडलं असं समजायचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रामोफोन घराघरांत शिरला आणि पेट्यांचा धंदा बसला. 1883 मध्ये सँत-क्र्वातच पेट्या करू लागलेलं थोरेन्सचं घराणं पुढे रेकॉर्ड प्लेअरसाठी नावाजलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या नागानो भागातल्या सांक्यो कंपनीने अठरा दात्यांचं स्वस्त यंत्र कारखान्यातून काढलं. दागिन्यांच्या डबीत गिरक्या घेणारी बाहुली आणि तिची टिणटिण आपल्याकडे पोचली ती अशाच छोट्या यंत्रांमुळे. तिची चावी संपत आली की धून मंदावते, दोन सुरांमधलं अंतर वाढत जातं आणि ओळ अर्ध्यावरच राहते. अनेकांच्या आठवणीत धुनेपेक्षा ते रेंगाळणंच पक्कं बसलेलं असतं.

जुन्या, मोठ्या पेटीत तसं सहसा होत नाही. धून पुरी झाली की एक छोटा अडसर चाकाच्या खाचेत पडतो आणि नळकांडं तिथेच थांबतं, कुठल्याही दात्याखाली पिन अडकलेली नसते. म्हणून दुरुस्त झालेली पेटी हातात देताना कारागीर मालकाला बजावतो: वाजत असताना उचलायची नाही. मालक घाईत असतो, गाडी खाली उभी असते. तरी दोघंही टेबलापाशी उभे राहतात, शेवटचा सूर वाजेपर्यंत.