नाण्यावरचं नाव

दोन रुपयांचं अकरा कोनांचं नाणं आता व्यवहारातून जवळजवळ गेलंच. त्यातलं १९९९ सालचं एक मी खणात जपून ठेवलंय. त्यावर शिवाजी महाराज आहेत. सालाखाली हिऱ्याची बारीक खूण दिसली, की ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं.

नाणं उलटलं, की सारनाथचे सिंह. १९६४ मध्ये नेहरूंचं नाणं निघालं, तेव्हापासून आपल्या स्मारक नाण्यांची ही रीतच पडली. एका बाजूला पाहुणे बदलतात, दुसऱ्या बाजूला सिंह घरमालकासारखे कायम. दगडात चार, नाण्यावर दिसतात तीन. चौथा आपण न बघताच मोजतो.

पाहुण्यांच्या बाबतीतही थोडं असंच मानून घ्यावं लागतं. १९९९ मध्येच ज्ञानेश्वरांचा रुपया निघाला, २००२ मध्ये तुकोबांचं दोन रुपयांचं नाणं. ज्ञानोबांचा चेहरा कुणी पाहिलाय? तरी नाणं हातात आलं, की ओळख पटते. चित्रकारांनी काढला आणि आपण मनोमन मान्य केला, तो हा चेहरा.

शिवाजी महाराजांनी मात्र स्वतःच्या नाण्यावर चेहरा ठेवलाच नाही. त्यांची शिवराई हातात घेऊन बघा. तांब्याचा जाडसर तुकडा, कडेला ठिपक्यांचं वर्तुळ. एका अंगाला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला दोन ओळींत ‘छत्रपति’. ठसा मोठा आणि तुकडा लहान, त्यामुळे कुठे ‘श्री’ची वेलांटी कडेबाहेर जाते, कुठे ‘व’ अर्धाच उमटतो. पुरं नाव वाचायचं तर दोन-चार शिवराया शेजारी मांडाव्या लागतात. त्यांच्या अष्टकोनी मुद्रेवरही चेहरा नाही. युरोपातल्या राजांच्या ढालींवर गरुड, सिंह, किल्ले. इथे संस्कृत श्लोक. प्रतिपदेच्या चंद्रासारखं वाढत जाण्याची गोष्ट त्यात आहे, पण ती कोर वाढते ती शब्दांत.

पुढे महाराज गेले, रायगड पडला, सत्ता साताऱ्याकडे आणि पुण्याकडे सरकली. तरी त्याच नावाच्या शिवराया पडतच राहिल्या. नवा ठसा कोरणारा हात वेगळा, अक्षरांचं वळण बिघडलेलं, नाव तेच. ना जयंती, ना शताब्दी, ना समारंभ. बाजारात मीठ-मिरची घेताना ते नाव या हातातून त्या हातात जात होतं.

सरकारला स्मारक नाणं काढायला निमित्त लागतं, आणि आपण ते खणात घालून ठेवतो. शिवराईला निमित्त लागलं नाही, कारण ती खर्चायची होती. सगळ्या स्मारक नाण्यांत मला तीच अव्वल वाटते.